गृहचित्रपटासाठी बिनतारी सराउंड ध्वनियोजना : निवडीचे विवेचन

प्रथम तीन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. 'ध्वनिमार्ग' म्हणजे चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणातील स्वतंत्र संकेतप्रवाह. 'ध्वनियोजना' म्हणजे हे मार्ग श्रोत्याभोवती ठरलेल्या दिशांनी ऐकविणारा स्पीकरांचा संच. 'दुवा' म्हणजे मुख्य एककापासून एखाद्या स्पीकरपर्यंत संकेत नेणारे साधन, मग ते तार असो वा रेडिओलहर. 'बिनतारी' हे विशेषण यांपैकी केवळ दुव्याला लागू पडते. ध्वनीची गुणवत्ता, मार्गांची संख्या किंवा खोलीतील परिणाम यांविषयी ते काहीच सांगत नाही. विजेची तारही त्याने नाहीशी होत नाही. संकेताची तार गेली तरी बहुतेक मागील स्पीकरांना स्वतंत्र सॉकेट लागते. त्यामुळे या निवडीत उपकरणाचा क्रम शेवटचा आहे. त्याआधी जे नंतर बदलता येत नाही त्याचा, म्हणजे श्राव्य सामग्री, खोली आणि वीज यांचा विचार करावा लागतो.

विवेचनाला निश्चित स्थळ असावे म्हणून तापीखोऱ्यातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनारसारख्या गावातील घर गृहीत धरले आहे. शहरी सदनिकेसाठी लिहिलेले बहुतेक सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. काही बाबतींत परिस्थिती शहरापेक्षा अनुकूल आहे, काहींत प्रतिकूल.

श्राव्य सामग्रीचे मार्गसंख्येनुसार तीन वर्ग होतात. पहिला एकमार्गी. 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२) आणि त्या काळातील बहुतेक सर्व मराठी-हिंदी चित्रपट या वर्गातले. दुसरा द्विमार्गी. दूरचित्रवाहिन्यांवरील बराचसा कार्यक्रम यात येतो. तिसरा बहुमार्गी. 'शोले'च्या (१९७५) ७० मिलिमीटर प्रतींवर सहा चुंबकीय मार्ग होते, पण त्या पद्धतीत पाच मार्ग पडद्यामागचे आणि सभागृहाचा एकच असे. आज प्रचलित असलेल्या ५.१ रचनेत समोर तीन, मागे-बाजूला दोन आणि खर्जाचा एक असे मार्ग असतात. २०१२ पासून प्रचारात आलेल्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये यात उंचीची भर पडली. ज्या घरात जुने चित्रपट आणि वाहिन्याच प्रामुख्याने पाहिल्या जातात, तेथे मागील स्पीकरांना मूळ मुद्रणातून काहीच मिळत नाही. यंत्र अनुमानाने जे निर्माण करील तेवढेच त्यांतून ऐकू येते. अशा घरासाठी मधला, म्हणजे संवादाचा स्पीकर सर्वांत महत्त्वाचा. तो स्वतंत्र व सुस्पष्ट असलेला ३.१ संच हा संवाद अस्पष्ट ठेवणाऱ्या ७.१ संचापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. संवाद ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागणे आणि लगेच गाण्याच्या वेळी तो कमी करावा लागणे, हे मधला स्पीकर दुर्बल असल्याचे लक्षण होय.

सामग्री निश्चित झाली की खोलीचा विचार. येथे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण ऐकू येणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग स्पीकरातून थेट न येता भिंतींवरून परावर्तित होऊन येतो. स्रोत थांबल्यावरही खोलीत रेंगाळणाऱ्या ध्वनीला निनाद म्हणतात. तो ६० डेसिबलने क्षीण होण्यास लागणारा काळ म्हणजे निनादकाल. वॉलेस सॅबिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये प्रयोग करून त्याचे सूत्र मांडले : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशा स्लॅबच्या खोलीचे घनफळ ४२ घनमीटर आणि पृष्ठभाग ७३ चौरस मीटर होतो. सिमेंटचा गिलावा आणि फरशी यांचे शोषणगुणक सरासरी ०.०३ धरले तर एकूण शोषण सुमारे २.२ चौरस मीटर आणि रिकाम्या खोलीचा निनादकाल सुमारे ३ सेकंद येतो. गृहचित्रपटासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आत असावा. ०.४ सेकंद साधायचा तर शोषण १७ चौरस मीटरपर्यंत न्यावे लागते. गादी, गोधड्या, तक्के आणि बसलेली माणसे यांतून काही भरून निघते. उरलेले जाड, भरपूर चुण्या असलेल्या पडद्यांनी साधावे. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर असल्याने जाड सुती कापड मिळवणे या भागात कठीण नाही. स्पीकरांच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडा आणि फल मोठे, तरीही तो बहुतेक वेळा टाळला जातो, याचे वाईट वाटते.

पडद्यांचे सामर्थ्य मात्र मध्य आणि उच्च वारंवारतांपुरतेच. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, आणि कापडाच्या दोन-चार मिलिमीटर जाडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. खर्जाचा प्रश्न वेगळा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत विशिष्ट वारंवारता साचून राहते. ध्वनिवेगाला लांबीच्या दुपटीने भागले असता ती मिळते. वरील खोलीत लांबीमुळे ४३, रुंदीमुळे ४९ आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झवर असे साचणे होईल. खोली चौरस असेल तर दोन मूल्ये एकाच ठिकाणी येऊन दोष दुप्पट जाणवतो. उन्हाळ्यात तापीकाठी पारा ४० अंशांवर जातो आणि ध्वनिवेग ३४३ वरून सुमारे ३५५ मीटर प्रतिसेकंद होतो, पण या आकड्यांत त्याने एक-दोन हर्ट्झचाच फरक पडतो. खर्जाच्या साचण्यावर खरा उपाय सबवूफरची जागा बदलणे हा आहे, आणि बिनतारी दुव्याचा सर्वांत मोठा लाभ येथेच दिसतो. सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या जागी ठेवावा, खर्जप्रधान दृश्य लावावे आणि भिंतींलगत वाकून फिरावे. जेथे खर्ज सम व स्पष्ट वाटेल तेथे सबवूफर कायम ठेवावा. तार नसल्याने ती जागा दूरची असली तरी चालते.

छताचे तापीखोऱ्यात तीन प्रकार आढळतात. स्लॅबचे छत सपाट व कठीण असल्याने उंचीच्या मार्गांना उपयुक्त ठरते. ध्वनी वर फेकून छतावरून परावर्तित करणाऱ्या स्पीकरांना असेच छत लागते. त्यांच्यासाठी २.३ ते ३.७ मीटर उंची योग्य, ४.३ मीटर ही मर्यादा. धाब्याच्या घरात लाकडी तुळया आणि त्यांमधील पोकळ्या परावर्तन विखुरतात. उतरत्या पत्र्यावरून ध्वनी श्रोत्याकडे न येता भलत्या दिशेला जातो, शिवाय खर्जाने पत्रा स्वतःच वाजू लागतो. या दोन प्रकारच्या घरांत उंचीच्या मार्गांसाठी पैसे देऊ नयेत.

मागील स्पीकरांच्या जागेविषयी एक गैरसमज रूढ आहे. 'मागील' म्हणजे डोक्याच्या थेट मागे नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागील दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला व किंचित मागे, सांगितले आहेत. म्हणून दिवाण मागील भिंतीशी असला तरी मार्ग निघतो. ३.५ मीटर रुंद खोलीच्या मध्यभागी बसलेल्या श्रोत्याच्या डोक्यामागे ३१ सेंटिमीटर जागा असली की बाजूच्या भिंतींवर १०० अंशांची मांडणी साधते. ११० अंशांसाठी ६४ सेंटिमीटर लागतात.

आता दुव्याचा विचार. दुव्याचे दोष दोन : विलंब आणि खंड. स्थिर विलंब आणि अस्थिर विलंब यांतील भेद येथे निर्णायक आहे. ध्वनी हवेतून एक मीटर जाण्यास सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. विसा या मानकाचा दुवा ५ मिलिसेकंदांच्या आसपास विलंब करतो, म्हणजे स्पीकर दोन मीटर दूर ठेवल्याइतका. असा स्थिर विलंब मुख्य एकक इतर मार्गांना तितकेच थांबवून पूर्ण भरून काढते. क्षणोक्षणी बदलणारा विलंब असा भरून निघत नाही. सामान्य ब्लूटूथचा विलंब १०० ते २५० मिलिसेकंद असू शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला किंवा ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. म्हणून टीव्हीपासून संचापर्यंतचा दुवा ब्लूटूथचा नसावा. तेथे तारच हवी. बिनतारी दुवा मुख्य एकक आणि मागील स्पीकर किंवा सबवूफर यांच्यामध्ये असावा.

हे दुवे प्रायः २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. २.४ चा पट्टा शहरी इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो. गावात ही गर्दी कमी असल्याने शहरात त्याज्य ठरलेला संच येथे उत्तम चालू शकतो. उलट जाड मातीच्या भिंती, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी हे रेडिओलहरींचे मोठे अडथळे आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झ भिंतींत अधिक क्षीण होतो. सर्व स्पीकर एकाच खोलीत, परस्परांना दिसतील असे आणि मध्ये धातू नसेल असे ठेवले की दोन्ही पट्टे पुरेसे होतात.

वीज हा या गावापुरता सर्वांत कठीण प्रश्न. प्रत्येक बिनतारी स्पीकर म्हणजे एक वेगळे सॉकेट. सोनीच्या एचटी-ए९ (२०२१) या संचात चारही स्पीकर बिनतारी आहेत आणि चौघांनाही वीज लागते. जेबीएल बार १००० मध्ये मागील स्पीकर बॅटरीवर चालतात आणि समोरच्या लांबट मुख्य एककाला, म्हणजे बारला, जोडून पुन्हा भारित होतात. हा उपाय सॉकेटांची अडचण दूर करतो, मात्र लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर क्षीण होते. ती भारित करण्याची जागा उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी. दाब कमी-जास्त होत असेल तर सगळ्या सॉकेटांना एकच स्टॅबिलायझर पुरतो का, आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेले आहे का, हे वायरमनकडून खरेदीपूर्वी तपासून घ्यावे. खरेदीच्या वेळी एक परीक्षा आग्रहाने करावी : संच चालू असताना मुख्य कळ बंद करून पुन्हा लावावी. सर्व स्पीकर आपोआप पुन्हा जुळले पाहिजेत. ज्या संचाला प्रत्येक भारनियमनानंतर पाठीमागची बटणे दाबून जुळवावे लागते, तो घेऊ नये.

टीव्हीशी जोडणी पाहताना एचडीएमआय एआरसी आणि ईएआरसी यांतील भेद ध्यानात घ्यावा. एआरसीवरून संपीडित ५.१ आणि ओटीटी सेवांचा संपीडित ॲटमॉस जातो. चकतीवरील असंपीडित दर्जाच्या मुद्रणासाठी ईएआरसी लागते. ब्लू-रे चकती न वापरणाऱ्या घराला ईएआरसीचा अधिभार देण्याचे कारण नाही.

वॅटच्या आकड्यांबद्दल थोडेच सांगायचे आहे. जाहिरातीतील संख्या बहुधा सर्व मार्गांच्या शक्तीची बेरीज असते. शक्ती दुप्पट केल्याने ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. ज्याची संवेदनक्षमता ८६ डेसिबल आहे असा स्पीकर तीन मीटरवर एका वॅटमध्ये सुमारे ७६ डेसिबल आणि १०० वॅटमध्ये ९६ डेसिबल देतो. ४२ घनमीटरच्या खोलीला एवढे पुरेसे आहे.

अखेरीस खरेदीचा क्रम. बिनतारी दुवे बहुतांशी त्या-त्या कंपनीचे खासगी असतात. एका कंपनीच्या बारशी दुसऱ्या कंपनीचे मागील स्पीकर जुळत नाहीत. म्हणून टप्प्याटप्प्याने घ्यायचे असल्यास पहिल्या टप्प्यात मधला स्पीकर असलेला बार व सबवूफर घ्यावा. त्याच मालिकेतील मागील स्पीकर वेगळे विकले जातात का, हे तेव्हाच दुकानदाराला विचारून घ्यावे आणि बिलावर मॉडेलचा क्रमांक लिहून घ्यावा. खोलीला पडदे लागल्यानंतर आणि सबवूफरची जागा ठरल्यानंतर मागील दोन स्पीकर घ्यावेत.