ऋणग्रस्त प्रदेशांचे क्षेत्रमापन

कर्जाचा भार असलेल्या भूप्रदेशाचे एकूण क्षेत्रफळ ठरविण्याची पद्धती व तिचा इतिहास. शेत असो वा राष्ट्र, त्याचे क्षेत्रफळ अचूक मोजता येते. मात्र त्या आकड्यावरून कर्ज फेडण्याची कुवत कळत नाही. दख्खनच्या महसुली इतिहासात याचा प्रत्यय एकोणिसाव्या शतकातच आला. तत्कालीन सातारा जिल्ह्याचा कोरडवाहू पूर्व भाग, म्हणजे विटा हे मुख्य ठिकाण असलेला खानापूर तालुका व त्याचा परिसर, या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

जुनी मापे : मराठेशाहीत पाच हात व पाच मुठी लांबीची काठी हे जमीनमोजणीचे मूळ माप होते. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा व 120 बिघ्यांचा एक चावर होई. हात व मूठ ही शरीराची मापे असल्याने काठीची लांबी सर्वत्र सारखी नसे. शिवाय काही ठिकाणी हलक्या जमिनीचा बिघा भारी जमिनीच्या बिघ्यापेक्षा मोठा धरीत. अशा बिघ्यात जमिनीचा विस्तार व तिची उत्पादकता ही दोन्ही एकत्र मोजली जात. त्यामुळे बिघ्यांची बेरीज करून प्रदेशाचे खरे क्षेत्रफळ मिळत नसे.

ब्रिटिशकालीन मोजणी : प्रिंगलने 1827 नंतर केलेली मोजणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. तिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात निश्चित झाले. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाल्यानंतर ही पद्धत तेथेही आली. 33 फूट लांबीच्या साखळीचे सोळा आणे कल्पिलेले असत. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि 40 गुंठे म्हणजे एक एकर. विस्ताराची मोजणी व जमिनीची प्रतवारी ही दोन कामे या पद्धतीत वेगळी होती. मातीचा पोत व खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडीत व त्यांचे सापेक्ष मोल आण्यांत मांडीत. लागवडीस निरुपयोगी असलेला भाग पोटखराबा म्हणून आकारणीतून वगळला जाई.

कर्जाचा प्रश्न : शेताच्या सीमा व सारा निश्चित झाल्याने जमिनीला तारण म्हणून किंमत आली. सावकार कर्ज देण्यास पुढे आले आणि न्यायालयांतून वसुलीही सुलभ झाली. या धोक्याची सूचना खुद्द विंगेटने 1852 मध्ये दिली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाचे भाव चढले व युद्ध संपताच कोसळले. पुढे साऱ्याच्या फेरआकारणीतही वाढ झाली. मे 1875 मध्ये सुपे येथे दंगा उसळला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. कर्जरोखे हस्तगत करून जाळणे हा दंगेखोरांचा मुख्य उद्देश होता. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील कोकरूड (सध्या सांगली जिल्हा) येथेही असाच प्रकार घडला. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्यान्वये रोख्यावरील आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. शेताची मोजणी झाली होती. कर्जाची खरी मोजणी या कायद्याने सुरू झाली.

सीमांतील बदल : खानापूर तालुका 1949 मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला व 1960 मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. पुढे कडेगाव तालुका खानापूरमधून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या व नव्या कागदांतील ‘खानापूर तालुका’ या नावाखालील क्षेत्रफळांची तुलना थेट करता येत नाही. आजच्या सातबारा उताऱ्यावर हेक्टर व आर यांतील क्षेत्र, पोटखराबा आणि इतर हक्कांत कर्जाचा बोजा एकत्र आढळतात. कराडजवळील टेंभू येथून उचललेले कृष्णेचे पाणी या भागातील ज्या शेतास मिळाले, त्याचे क्षेत्र गुंठ्याभरानेही वाढले नाही. फेडीची कुवत मात्र बदलली.

राष्ट्रांचे क्षेत्रफळ : जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी 1996 मध्ये अतिऋणग्रस्त गरीब राष्ट्रांसाठी कर्जमुक्तीची योजना सुरू केली. तीत 39 राष्ट्रे पात्र ठरली. त्यांपैकी 33 सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मोडतात. 2023 अखेर 37 राष्ट्रांनी योजनेचा अंतिम टप्पा गाठला होता. त्यांच्या एकूण क्षेत्रफळाची बेरीज करताना विट्याच्या दप्तरातील अडचणीच मोठ्या प्रमाणावर पुढे येतात. सुदानचे क्षेत्रफळ सु. 25 लाख चौ. किमी. होते, 2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्यावर ते सु. एक चतुर्थांशाने घटले. मालावीच्या क्षेत्रफळाचा सु. पाचवा हिस्सा सरोवरांखाली आहे. तो एकूण क्षेत्रफळात धरतात, भूक्षेत्रात धरत नाहीत. नायजरचा बहुतांश विस्तार सहारा वाळवंटात असून तो क्षेत्रफळात पूर्ण धरला जातो. हाच त्या राष्ट्राचा पोटखराबा होय.

यास्तव अशी बेरीज देताना वर्ष, सीमा व जलक्षेत्राचा समावेश यांचा उल्लेख आवश्यक ठरतो. क्षेत्रफळाचा आकडा भूमी किती हे सांगतो. तिच्यावर जगणाऱ्यांना ऋण पेलेल काय, हे ठरविण्यासाठी प्रतवारीच करावी लागते.