बॉयलरच्या कारखान्यातून प्रसूतिगृहात: सोनोग्राफीची जन्मकथा

१/१०
आठव्या-नवव्या महिन्यात गर्भवतीला अकस्मात, कोणत्याही वेदनेविना रक्तस्राव सुरू होई. वार गर्भाशयाच्या मुखावर तर आली नाही ना? याचा खात्रीचा निर्णय हाताने तपासूनच होत असे. आणि त्या तपासणीनेच रक्ताचा लोट सुटण्याची भीती असे. १९५० च्या दशकापर्यंत प्रसूतितज्ज्ञांपुढचा हा पेच होता.

२/१०
म्हणून ही तपासणी शस्त्रक्रियागृहात, सिझेरियनची सिद्धता ठेवूनच केली जाई. कित्येक स्त्रिया केवळ संशयापायी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात खिळून राहत. क्ष-किरणांचा मार्ग होता. पण गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी आणि बालकांचा कर्करोग यांचा संबंध ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ मध्ये पुढे आणला.

३/१०
उत्तर आले ते समुद्रातून. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लाँजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी कानाला ऐकू न येणारा ध्वनी वापरला. पुढे हेच तत्त्व धातूच्या पोटातील तडे हुडकण्यासाठी कारखान्यांत आले.

४/१०
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले डॉ. आयन डोनाल्ड १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. रडार आणि सोनार त्यांच्या परिचयाचे होते. तडे शोधणारा ध्वनी शरीरातील गाठही ओळखेल काय, हा प्रश्न त्यांना पडला.

५/१०
२१ जुलै १९५५. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत भरून डोनाल्ड रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात पोहोचले. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे निराळे उमटले.

६/१०
केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीचा तरुण अभियंता टॉम ब्राउन या कामाशी जोडला गेला. नुसत्या रेषांऐवजी चित्र उमटवणारे यंत्र त्याने रचले. पोटाच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेल्या एका स्त्रीच्या तपासणीत प्रत्यक्षात बीजांडकोशाची द्रवगाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली आणि तिचे प्राण वाचले.

७/१०
डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार आणि ब्राउन यांचा शोधनिबंध ७ जून १९५८ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भाच्या प्रतिमाही होत्या. १९६० च्या दशकात वारेचे स्थान ध्वनीने ठरवता येऊ लागले. ज्या स्पर्शाने जीव जाण्याची भीती होती, त्या स्पर्शाची गरजच उरली नाही.

८/१०
१९६८ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजण्याची सुधारित पद्धत मांडली. गर्भाची वाढ खुंटली आहे का, हे आता मापून सांगता येई. १९७७ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी डॉप्लर तंत्राने नाळेतील रक्तप्रवाह टिपला. आईचा रक्तदाब वाढलेला असताना किंवा बाळ खुरटलेले असताना प्रसूती कधी करावी, हे ठरवण्यास पुढे याच तंत्राचा आधार मिळाला.

९/१०
या कथेला काळी बाजूही आहे, आणि तिचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. आधी गर्भजल परीक्षा आणि नंतर सोनोग्राफी, दोन्ही मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी राबवल्या गेल्या. स्त्री संघटनांच्या लढ्यानंतर १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

१०/१०
स्वतः डोनाल्ड गर्भपाताचे कट्टर विरोधक होते. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रातील सोनोग्राफी केंद्रांत ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक दिसतो. त्याच फलकाखाली बसलेल्या एखाद्या गर्भवतीची वार खाली सरकल्याचे वेळीच कळते, आणि आई व बाळ दोघेही सुखरूप घरी जातात. यंत्र तेच आहे. ते कशासाठी वापरायचे, हे मात्र प्रत्येक समाजाला स्वतःच ठरवावे लागले.