पावतीपुस्तकापासून राजदूतपदापर्यंत

संस्थेचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडणारी माणसे आपण दरवर्षी पाहतो. त्यांतला एखादा उद्या राजदूत झाला तर आपण काय म्हणू? पैशाच्या जोरावर पद मिळविले, असेच ना? अमेरिकेचे हेन्री मॉर्गेनथाऊ यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे होते. तरीही त्यांची हकिकत तुम्ही ऐकावी.

त्यांचा जन्म १८५६ साली जर्मनीतील मानहाइम येथे एका ज्यू घराण्यात झाला. वडिलांचा सिगारचा कारखाना होता. अमेरिकेने जकात वाढविली, धंदा बसला आणि १८६६ साली कुटुंब न्यूयॉर्कला आले. पैशाअभावी कॉलेज अर्धवट सुटले. पुढे १८७७ साली कोलंबियातून कायद्याची पदवी मिळाली. खरी कमाई मात्र जमिनीच्या व्यवहारात झाली. भुयारी रेल्वे कुठे जाणार हे हेरून जमिनी आधीच घेऊन ठेवायच्या, हे त्यांचे कसब.

१९१२ साली वुड्रो विल्सन यांच्या निवडणुकीसाठी निधी जमविणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. विल्सन निवडून आले. मॉर्गेनथाऊंना मंत्रिपदाची आशा होती, देऊ केली ती तुर्कस्तानातील वकिलात. ही जागा ज्यू गृहस्थाला द्यायची असा प्रघातच पडू लागला होता. त्यांना अपमान वाटला व त्यांनी नकार दिला. मित्रांनी समजूत घातली तेव्हा कुठे ते १९१३ च्या नोव्हेंबरात कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. पॅलेस्टाईनमधील ज्यू वस्तीची उपासमार होऊ लागली, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कला तार करून पन्नास हजार डॉलर मागितले आणि ते मिळविले. जुनी सवय कामी आली!

१९१५ साली मात्र प्रसंग फार बिकट आला. तलत व एन्व्हर यांच्या सरकारने आर्मेनियन प्रजेला घरांतून हुसकून वाळवंटाकडे चालविले. वाटेत लाखो माणसे मारली गेली, उपाशी मेली. गावोगावच्या अमेरिकन वकिलांचे आणि मिशनऱ्यांचे अहवाल मॉर्गेनथाऊंच्या टेबलावर येऊन पडू लागले. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. परक्या सरकारच्या अंतर्गत कारभारात बोलण्याचा अधिकार राजदूताला नव्हता. तरी ते तलतकडे पुन्हा पुन्हा गेले. एका भेटीत तलतने मृत आर्मेनियनांच्या अमेरिकन विमा पॉलिसींची यादी मागितली, कारण वारस उरले नाहीत तर पैसा सरकारचा, असे त्यांनी पुस्तकात लिहिले आहे. जुलैमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला तार केली की हे बंडाचे पारिपत्य नव्हे, एका जमातीचा पद्धतशीर संहार चालू आहे.

आपण मुसलमानांनी हे वाचताना नजर चुकवू नये. याच राज्यात जलालबे नावाचे सुभेदार होते. अलेप्पो म्हणजे हलब येथे त्यांनी हद्दपारीला विरोध केला, म्हणून त्यांची कोन्याला बदली झाली; तेथेही त्यांनी जमेल तितक्यांना थोपवून धरले आणि अखेर नोकरी गमावली.

तारांनी संहार थांबला नाही. पण त्यांच्याच आग्रहाने न्यूयॉर्कमध्ये मदत समिती उभी राहिली. पुढे 'निअर ईस्ट रिलीफ' म्हणून ओळखल्या गेलेल्या या कामासाठी १९३० पर्यंत अकरा कोटींहून अधिक डॉलर जमले आणि हजारो अनाथ मुले जगली. १९१८ चे त्यांचे पुस्तक युद्धकाळात, प्रचाराच्या हेतूने लिहिले गेले. त्यातील संवाद जपूनच वाचावेत. त्या त्या दिवशी पाठविलेल्या तारांचे मोल मला अधिक वाटते.

१९१६ च्या आरंभी ते परतले. १९२३ साली राष्ट्रसंघाने त्यांना ग्रीसमधील निर्वासित वसाहत मंडळाचे अध्यक्ष नेमले. अनातोलियातून आलेल्या दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती लोकांना वसवायचे होते. पैसा पुन्हा उभा करायचा होता. सुमारे एक कोटी पौंडांचे कर्ज १९२४ साली मिळाले. त्या निर्वासितांपैकी पुष्कळांना जी शेते आणि घरे मिळाली, ती साडेतीन लाखांवर मुसलमान त्याच करारान्वये ग्रीस सोडून तुर्कस्तानात गेले, त्यांची होती.