शोध, भांडवल आणि शंकर आबाजी भिसे

प्रयोगशाळेतला शोध उद्योगात उतरवताना बुद्धीपेक्षा धीराचं भांडवल कमी पडतं. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडणारं यंत्र लंडनमध्ये विकसित केलं. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, सर रतन टाटांनी पैसा घातला. तरीही पहिल्या महायुद्धाच्या काळात तो उपक्रम गुंडाळावा लागला. भिसे स्वशिक्षित होते, मग विद्यापीठातून उद्योगाकडे वळणाऱ्या संशोधकाला त्यांचा दाखला कसा लागू पडेल, असा आक्षेप येईल. पण पदवीमुळे चाचण्यांचा खर्च घटत नाही, की यंत्र निर्दोष व्हायला लागणारा काळही. भिसे अमेरिकेत जाऊन पुन्हा उभे राहिले. संशोधकाला दुसरी संधी मायदेशातच मिळायला हवी.