किकऑफची वेळ आणि प्रेक्षकांची उपस्थिती

‘किकऑफ’ म्हणजे चेंडूला लाथ मारून सामना सुरू करण्याचा क्षण. अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडूच्या खेळात, ही वेळ आज यजमान विद्यापीठापेक्षा दूरचित्रवाणी कंपन्याच अधिक ठरवतात. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे प्रक्षेपणावरील नियंत्रण स्पर्धाविरोधी ठरवले आणि पुढे ‘कॉन्फरन्स’, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट, आपले हक्क स्वतः विकू लागले. परिणामी अनेक सामन्यांची वेळ १२, प्रसंगी केवळ ६ दिवस आधी जाहीर होते, आणि दूरवरून मोटारीने येणाऱ्या, मुक्कामाची सोय आधीच करावी लागणाऱ्या निष्ठावंत चाहत्यांवर हा सरळसरळ अन्याय आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या टायगर स्टेडियमवर १९३१पासून रात्री खेळण्याची परंपरा पडली, ती दक्षिणेतील दमट उष्मा टाळण्यासाठी आणि शनिवारी दिवसा कामावर असणाऱ्यांनाही सामना पाहता यावा म्हणून. सप्टेंबरातील भर दुपारचा सामना या दोन्ही हेतूंना छेद देतो. अशा वेळी प्रेक्षक कमी आले, तरी जाहीर होणाऱ्या उपस्थितीवरून रिकामी बाके कळत नाहीत, कारण ते आकडे बहुधा वितरित तिकिटांचे असतात, प्रवेशद्वारावर प्रत्यक्ष तपासलेल्या तिकिटांचे नव्हे.