भुताच्या गाडीत, 1931

ट्राममधून उतरा. जुलै 1931, ब्लॅकपूल, लँकशायर. मागे उत्तरेला 518 फुटांचा लोखंडी टॉवर आहे आणि उजव्या हाताला करडा आयरिश समुद्र. भर उन्हाळ्यात त्याच्यावरून गार वारा येतो. समोर प्लेझर बीच हा करमणूक पार्क. नोहाचं जहाज माणसांसकट डुलतंय, ‘बिग डिपर’च्या लाकडी सांगाड्यावरून डबे धडधडत खाली येतायत. तिकडे नंतर जा. आधी त्या चारी बाजूंनी बंद असलेल्या इमारतीपाशी रांगेत उभे राहा. पाटीवर लिहिलंय, ‘घोस्ट ट्रेन’.

भोवतीची माणसं बघा. आज इथे बर्नलीचा आठवडा आहे. लँकशायरमधल्या एकेका गिरणीगावाचा सुट्टीचा आठवडा ठरलेला असतो. त्या आठवड्यात बॉयलर थंड होतात आणि अर्धं गाव गाडीत बसून समुद्रावर येतं. गल्लीतले शेजारी इथेही शेजारीच भेटतात. या सुट्टीचा पगार मिळत नाही. पगारी सुट्टीचा कायदा यायला अजून सात वर्षं आहेत. वर्षभर दर आठवड्याला बचतीच्या क्लबात टाकलेल्या पैशांवर ही चैन चालते. आणि या वर्षी ते पैसेही जपूनच खर्च करायचेत. जानेवारीत मालकांनी गिरण्यांना टाळं लावलं होतं. एका विणकराने चाराऐवजी आठ साचे, म्हणजे माग, चालवावेत, असा त्यांचा आग्रह होता. कामगार ऐकेनात. टाळेबंदी फेब्रुवारीपर्यंत चालली आणि मालकांनाच माघार घ्यावी लागली, पण काम पूर्वीसारखं मिळेना.

तुमच्या पुढे उभ्या असलेल्या दोन बायका बोलतायत, पण आवाज नाही. ओठ मोठेमोठे हलतात, भुवया वर जातात, मान डोलते आणि दोघी हसतात. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात कानाशी ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून या बायका ओठ वाचायला शिकल्यात. इथे समुद्रावरही सवय सुटत नाही.

ही घोस्ट ट्रेन गेल्या वर्षीच सुरू झाली आहे. तिची कल्पना अमेरिकेतली. न्यू जर्सीमधल्या एका लहान पार्कचा भागीदार लिऑन कॅसिडी याला पाण्याच्या कालव्यातून होड्या फिरवणारी ‘ओल्ड मिल’ परवडेना. त्याने पाणीच काढून टाकलं. अंधाऱ्या खोलीत एकच रूळ वेडावाकडा फिरवला आणि त्यावर विजेचा डबा सोडला. त्याच्या कंपनीचं नाव ‘प्रेट्झेल’. पीळ घातलेला हा खारा पाव इंग्लंडात फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आर्नल्ड रिडलीचं ‘द घोस्ट ट्रेन’ हे नाटक मात्र घरोघरी माहीत होतं. रिडली पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जबर जखमी झाला होता. एका आडबाजूच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत ताटकळताना त्याला हे नाटक सुचलं. ब्लॅकपूलने नाटकाचं नाव राइडला दिलं. पुढे देशभरच्या जत्रांमध्ये असल्या सगळ्या राइडना हेच नाव पडलं.

तुमचा नंबर आला. डबा दोघांपुरता. त्या दोघींपैकी एक तुमच्या शेजारी बसते, कारण तिची मैत्रीण ऐनवेळी मागे सरली. डबा हलतो, त्याचं नाक दारावर आपटतं, दार उघडतं आणि मागे धाडकन बंद होतं.

इतका काळोख तुम्ही शहरात कधी पाहिलेला नाही. तेल आणि तापलेल्या मोटरचा वास येतो. पहिलं वळण इतकं झटक्यात येतं की तुम्ही शेजारणीवर आदळता. माफी मागायची सवड नाही, दुसरं वळण उलट्या बाजूला. आता दिशा गेली. खरं तर तुम्ही त्याच खोलीत गिरक्या घेताय. मघाशी जिथून गेलात, तिथून हाताच्या अंतरावरून पुन्हा जाताय. पण अंगाला वाटतं की आपण फार खोल आलो. कॅसिडीची सगळी हुशारी या वळणांत आहे. भुतं दुय्यम. डबा रुळाकडेच्या खटक्यावरून जातो, वीज जोडली जाते आणि नाकासमोर सांगाडा उजळतो. तेवढ्यात तो विझतो आणि डबा वळलेला असतो. नीट बघायला मिळत नाही, म्हणूनच तो खरा वाटतो.

शेजारीण किंचाळते. पूर्ण छाती भरून, लाज न बाळगता. इथे ओठ दाखवून उपयोग नाही, आणि तिच्या आवाजावर मात करणारे साचेही नाहीत.

मग चेहऱ्यावर काहीतरी फिरतं. बारीक, मऊ, गालावरून कानाकडे. आता तुम्ही किंचाळता. ती मात्र हसत सुटते. “सूत आहे! नुसतं सूत!”

तिला कळणारच. धोट्यात नवी कांडी भरली की भोकाला ओठ लावून ती सुताचं टोक ओढून घेते, दिवसातून कितीतरी वेळा. मुंबईच्या गिरण्यांतही हेच चालतं. तिथली यंत्रंसुद्धा लँकशायरचीच. 1850 च्या दशकात पहिल्या गिरणीला ती ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली. फरक एवढाच की मुंबईत तोंड लावायच्या त्या धोट्यावरून दलित कामगारांना साचेखात्याबाहेर ठेवलं गेलं. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला. त्याच संपात मुंबईचा विणकर दोनाऐवजी तीन साचे घ्यायला नकार देत होता. आणि सात महिन्यांपूर्वी, 12 डिसेंबर 1930 ला, बाबू गेनू हा गिरणी कामगार काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीखाली गेला. शेजारणीला यातलं काही ठाऊक असेल का, सांगता येत नाही. पण हिंदुस्थानात विलायती कापडावर घातलेल्या बहिष्कारामुळे काम गेलं, हे ती रोज ऐकते. दोन महिन्यांनी गांधीजी जवळच्याच डार्वेनला येतील आणि गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या राहतील.

शेवटचं दार. लख्ख उजेड. डोळे दिपतात. ती उतरते, टोपी सरळ करते आणि मैत्रिणीला आवाज न करता सगळी हकीकत सांगते. दोन बोटं गालावरून फिरवून ती सूत दाखवते, तेवढं तुम्हालाही समजतं.

असल्या करमणुकीला सवंग म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते मुळीच पटत नाही. टाळेबंदी कधी संपेल, हे तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. या भीतीला मात्र शेवटचं दार आहे, हे चढतानाच माहीत असतं. त्यासाठी चार पैसे मोजणं हा शहाणपणाचा सौदा होता.

1936 मध्ये जोसेफ एम्बरटन या वास्तुविशारदाच्या हातून गाडीला नवं रूप मिळालं. ब्लॅकपूलला गेलात तर मोठ्या रोलर कोस्टरआधी हिच्यात बसा. मग बर्नलीला जाऊन क्वीन स्ट्रीट मिल बघा. वाफेच्या इंजिनावर साचे चालवणारी ती गिरणी आता संग्रहालय आहे. ती बंद पडली 1982 मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्याच वर्षी.