जात्यावरील ओव्या : जतन व स्वरूपनिश्चिती

जात्यावरील ओव्या : धान्य दळताना स्त्रियांनी गावयाची महाराष्ट्रातील परंपरागत गीते. पहाटेच्या वेळी एकटीने किंवा समोरासमोर बसून दोघींनी जात्याचा खुंटा ओढीत ती म्हटली जात. जात्याची घरघर हीच त्यांची साथ व दळण सरणे हीच त्यांची मर्यादा. ग्रंथांतील ओवीहून ही ओवी वेगळी आहे. तिची चरणरचना सैल असून गळ्यानुसार ती लांबते वा आखडते.

ओवीगायनाची परंपरा प्राचीन आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा निर्देश आढळतो. विसाव्या शतकात पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्या, तसे स्त्रियांचे कष्ट हलके झाले. परंतु त्या कष्टांशी जोडलेले गाणेही मागे पडले. जतनाचा प्रश्न निर्माण झाला तो त्यामुळे.

साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर, सरोजिनी बाबर प्रभृतींनी ओव्या संकलित करून शिष्ट वाचकांपर्यंत पोहोचविल्या. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि छापील संग्रहाला स्वभावतःच मर्यादा असतात : त्यात शब्द उरतात, चाल मात्र हरपते, गाणारणीचे नाव व गाव यांचीही नोंद बहुधा राहत नाही.

ही उणीव भरून काढणारा प्रयत्न पुण्यातील हेमा राईरकर (मृ. २०१०) व गी पॉइतवाँ (मृ. २००४) यांनी केला. १९८० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संशोधन केंद्राने पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने संकलनास आरंभ केला. पुढे एक हजाराहून अधिक गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या जमा झाल्या. प्रत्येक ओवीसोबत गायिका व गाव यांची नोंद करून विषयवार वर्गीकरण करण्यात आले. नव्वदच्या दशकात बेर्नार बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणाला शास्त्रीय बैठक लाभली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळाने या ओव्या मूळ आवाजासह प्रसिद्ध केल्या.

या संकलनामुळे ओवीची व्याख्याच विस्तारली. एकच ओवी अनेकींच्या तोंडी थोड्याफार फरकाने आढळते. त्यांपैकी एक पाठ शुद्ध व इतर भ्रष्ट मानणे येथे गैरलागू ठरते, कारण प्रत्येक गाणारीण परंपरेतील शब्द आपल्या आयुष्याला जुळवून घेते. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, तुळस व पंढरी यांच्या जोडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरही या ओव्यांत अवतरले आहेत. परंपरा नव्या अनुभवाला जागा देत होती, याचे हे प्रमाण होय.

गावाची नोंदही अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे संत तुकारामांच्या पालखीच्या वाटेवरील गाव आहे. अशा गावात पंढरीची वाट ही केवळ कल्पना नसून दरवर्षी डोळ्यांसमोरून जाणारी वारी असते. दूरच्या गावातील स्त्रीने गाइलेली तीच ओवी ओढीची असू शकते, तर येथील स्त्रीची ती प्रत्यक्ष दर्शनाची.

ध्वनिमुद्रणाने शब्द, गळा व नाव ही टिकतात. दळणाचा प्रसंग मात्र टिकत नाही. जाते थांबल्यानंतर नवी ओवी रचली जाण्याची मूळ परिस्थितीच उरत नाही. म्हणूनच ज्या वृद्ध स्त्रियांनी प्रत्यक्ष दळताना ओव्या गाइल्या, त्यांच्या हयातीतच होणारी नोंद ही या वारशाची सर्वांत विश्वसनीय नोंद होय.